सेल मर्ज करणाऱ्या टूलची माहिती एआय एजंटसाठी कशी लिहावी

एक्सेलमध्ये तीन भरलेले सेल निवडून मर्जचे बटण दाबले की एक्सेल आधी हटकते: फक्त वरच्या डाव्या सेलमधला मजकूर राहील, बाकीचा जाईल. माणूस थांबतो, एकदा बघून घेतो आणि मग 'ओके' करतो किंवा मागे फिरतो. एआय एजंटला, म्हणजे वापरकर्त्याच्या वतीने स्वतः कामे करणाऱ्या एआय प्रोग्रामला, असे कुणी हटकत नाही. तो टूलला (त्याला वापरायला दिलेल्या फंक्शनला) रेंज, म्हणजे सेलचा पट्टा, देतो, टूल लायब्ररीकडे (तयार कोडकडे) काम सोपवते, लायब्ररी बाकीचे सेल रिकामे करते आणि एजंट वापरकर्त्याला कळवतो, "काम झाले." एक्सेलच्या त्या सूचनेची जागा एजंटच्या बाबतीत टूलच्या माहितीने घ्यायची असते. मर्ज करण्याचा कोड दोन-चार ओळींचा असतो. माहिती मात्र नीट विचार करून लिहावी लागते.

एजंटला टूलबद्दल कळते ते तीन ठिकाणांहून: टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि पॅरामीटरचा स्कीमा (टूलला कुठली माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची त्याची रचना). अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एजंटला टूल जोडण्याची ठरलेली पद्धत) वापरा किंवा एजंटमागच्या मॉडेलचे नुसते फंक्शन कॉलिंग (मॉडेलकडून थेट टूल वापरून घेण्याची सोय) वापरा, रचना साधारण हीच राहते. तुमचा कोड, कोडमधल्या टिपा, ऑफिसमध्ये चहा घेताना ठरलेले संकेत यांतले काहीही मॉडेलला दिसत नाही.

सोयीसाठी दोन शीट धरून चालू. पहिली आहे गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावातल्या देवस्थान समितीची. चोवीस तासांचा अखंड भजनी सप्ताह (नाव सप्ताह, पण चालतो एकच दिवस), आठ पथके, प्रत्येकाला तीन तासांची पाळी. पहिल्या ओळीत मथळा, दुसरीत कॉलमची नावे, तिसऱ्या ओळीपासून सव्विसाव्या ओळीपर्यंत एकेक तास. 'ए' कॉलममध्ये वेळ, 'बी'मध्ये पथक, 'सी'मध्ये शेरा. ही शीट छापून देवळाच्या फलकावर लावायची आहे. दुसरी शीट जमाखर्चाची: जिल्हा, तालुका, देणगीदार, रक्कम. तिच्यावर पुढे बेरजा, फिल्टर, सगळेच होणार. एकच टूल पहिल्या शीटवर उपयोगाचे आहे आणि दुसरीवर घातक. हा फरक एजंटला कळेल अशी माहिती लिहायची आहे.

एक खुलासा. लेख देवनागरीत असल्यामुळे रेंज मी 'बी३:बी५' अशी लिहितो आहे. प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच (B3:B5) द्यावी लागते. हे टूलच्या माहितीतही लिहाच, कारण आपले वापरकर्ते "बी ३ ते ५ एकत्र कर" असे मराठीत सांगतात आणि एजंट कधीकधी मराठी अंक जसेच्या तसे पुढे ढकलतो.

पहिली पायरी: लिहिण्याआधी टूल चालवून बघा

माहिती लिहिणारा आणि टूल बनवणारा वेगळा असेल तर ही पायरी हमखास गाळली जाते. कोड वाचून 'रेंज मर्ज करते' एवढे एक वाक्य लिहून टाकतात. तसे करू नका. एक खोटी शीट घ्या, सी३, सी४ आणि सी५ मध्ये ५००, ७०० आणि ३०० लिहा, खाली बेरजेचे सूत्र टाका. बेरीज १५०० येईल. आता टूलने सी३:सी५ मर्ज करा आणि बेरीज पुन्हा बघा.

एक्सेल, गूगल शीट्स किंवा ओपनपायएक्सएल (एक्सेल फाइली हाताळणारी पायथन लायब्ररी) यांपैकी काहीही खाली असले तरी बेरीज ५०० वर येते. सूत्र तुटत नाही, लाल खूण येत नाही. हजार रुपये गेले आणि शीट तितकीच नीटनेटकी दिसते आहे. ओपनपायएक्सएल तर वरचा डावा सेल सोडून बाकीचे सेल शीटमधून काढूनच टाकते आणि त्या जागी केवळ नावापुरते सेल ठेवते. त्यांत नंतर काही लिहायला गेलात तर एरर येते.

लिबरऑफिस कॅल्कची चाल निराळी आहे. भरलेले सेल मर्ज करताना ते तीन पर्याय देते: लपणारा मजकूर पहिल्या सेलमध्ये हलवा, आहे तसाच ठेवा किंवा पुसा. 'आहे तसाच ठेवा' निवडले तर ७०० आणि ३०० डोळ्यांना दिसत नाहीत, पण बेरजेत येत राहतात. म्हणजे छापील कागदावर ५०० आणि खाली बेरीज १५००. देवस्थानच्या वार्षिक सभेत यावरून काय होईल ते गोव्यातल्या माणसाला सांगायला नको.

अशा चाचण्यांतून जे दिसेल ते टिपून ठेवा. निदान एवढे तरी तपासाच: लपणाऱ्या मजकुराचे काय होते, आधीच मर्ज असलेल्या रेंजवर पुन्हा मर्ज केले तर काय होते, दोन रेंज अर्धवट एकमेकींवर आल्या तर काय होते, एकच सेल दिला तर काय होते. या उत्तरांवरच पुढची सगळी माहिती उभी राहणार आहे. शेजारच्या प्रकल्पातल्या टूलची माहिती उचलून आणलीत तर ती तुमच्या टूलला लागू पडेलच असे नाही.

दुसरी पायरी: नाव आणि पहिले वाक्य

नावात क्रियापद आणि वस्तू दोन्ही हवीत: 'मर्ज_सेल्स'. 'फॉरमॅट_रेंज' किंवा 'लेआउट' अशी ऐसपैस नावे ठेवली की एजंट ठळक अक्षरांसाठीही हेच टूल हाकारतो. उलट क्रियेचे टूल वेगळे असेल तर त्याचे नाव 'अनमर्ज_सेल्स' ठेवा, म्हणजे जोडी लगेच ओळखू येते.

पहिल्या वाक्यात टूल काय करते ते आणि दुसऱ्या वाक्यात टूल काय पुसते ते. हा क्रम मी बदलू देत नाही. मॉडेल वर्णन पूर्ण वाचते हे खरे. पण जे सहाव्या परिच्छेदात, 'टीप' म्हणून येते त्याला निर्णय घेताना तेवढे वजन मिळत नाही. नमुना असा:

"दिलेल्या रेंजमधले लगतचे सेल जोडून एक मोठा सेल करते. फक्त वरच्या डाव्या सेलमधला मजकूर टिकतो; बाकीच्या सेलमधला मजकूर आणि सूत्रे कायमची जातात आणि अनमर्ज केल्याने परत येत नाहीत. छापण्यासाठीच्या मथळ्यांना आणि वेळापत्रकांना वापरा. ज्या शीटवर पुढे सॉर्ट, फिल्टर, बेरीज किंवा पिव्हट करायचे आहे तिथे वापरू नका."

यातले 'अनमर्ज केल्याने परत येत नाहीत' हे शब्द गाळू नका. आपल्या हातून चूक झाली असे एजंटच्या लक्षात आले की तो पहिल्यांदा उलटे टूल शोधतो. अनमर्ज केल्यावर चौकटी परत येतात, आतला मजकूर येत नाही. गूगल शीट्समध्ये आवृत्त्यांचा इतिहास असतो, तिथून माणूस जुनी शीट परत आणू शकतो. ओपनपायएक्सएलने फाइल त्याच नावाने सेव्ह केली असेल तर तोही मार्ग राहत नाही.

तिसरी पायरी: रेंज मोजायची कशी

सर्वांत जास्त घोटाळे इथे होतात, म्हणून इथे थोडे रेंगाळू. पहिल्या पथकाची पाळी बी३:बी५, म्हणजे तीन सेल. हीच रेंज तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी सांगावी लागते.

ओपनपायएक्सएलमध्ये मोजणी १ पासून होते आणि शेवटची ओळ धरली जाते: सुरुवातीची ओळ ३, शेवटची ५, कॉलम २ ते २. एक्सएलएसएक्स-रायटरमध्ये (एक्सेल फाइली लिहिणाऱ्या दुसऱ्या लायब्ररीत) मोजणी ० पासून, पण शेवटची ओळ धरली जाते: ओळ २ ते ४, कॉलम १ ते १. गूगल शीट्सच्या एपीआयमध्ये (प्रोग्रामला शीट हाताळू देणाऱ्या सोयीत) मोजणी ० पासून आणि शेवटचा आकडा धरला जात नाही: ओळ २ ते ५, कॉलम १ ते २.

मॉडेलने या तिन्हींचा कोड भरपूर पाहिलेला असतो. तुमच्या टूलने कुठली तऱ्हा धरली आहे हे त्याला सांगितले नाही तर तो अंदाज बांधतो. गूगलच्या एपीआयला चुकून शेवटचा आकडा ४ दिला तर दोनच सेल मर्ज होतात आणि पहिल्या पथकाचा तिसरा तास सुटा राहतो. कुठलीही एरर येत नाही. एक्सएलएसएक्स-रायटरला चुकून ५ दिला तर रेंज बी६ पर्यंत जाते, दुसऱ्या पथकाच्या बी६:बी८ वर चढते आणि लायब्ररी तिथेच एरर देते. दुसरी चूक बरी, निदान ती ओरडते.

माझा सल्ला: एजंटकडून आकडे घेऊच नका. पत्ता 'बी३:बी५' अशा अक्षरी रूपात घ्या आणि आकड्यांत रूपांतर कोडमध्ये करा. अक्षरी पत्त्यात मोजणी एकाच तऱ्हेची असते, वापरकर्ताही तसेच बोलतो आणि एररमध्येही तोच पत्ता परत देता येतो. आकडेच घ्यावे लागणार असतील तर प्रत्येक पॅरामीटरच्या वर्णनात, फक्त एका ठिकाणी नव्हे, लिहा: "० पासून मोजलेली ओळ. शेवटची ओळ धरलेली नाही. बी३:बी५ साठी २ आणि ५."

शीटचे नाव वेगळ्या पॅरामीटरमध्ये घ्या. आपल्याकडे शीटची नावे 'सप्ताह पाळ्या' अशी, मध्ये जागा सोडलेली असतात. ती रेंजबरोबर एकत्र द्यायची तर नावाभोवती एकेरी अवतरणचिन्हे लागतात आणि एजंट ती हटकून विसरतो. वेगळा पॅरामीटर ठेवला की प्रश्नच मिटतो. वर्णनात एवढेच लिहा: "शीटचे नाव टॅबवर दिसते तसेच्या तसे, भाषांतर किंवा लिप्यंतर न करता." हे न लिहिल्यास 'सप्ताह पाळ्या' या शीटला एजंट रोमन लिपीत शोधायला जातो आणि शीट सापडत नाही म्हणून नवीन तयार करतो.

चौथी पायरी: आडवे की उभे

गूगल शीट्सच्या एपीआयमध्ये मर्जचे तीन प्रकार आहेत: सगळे, ओळी आणि कॉलम. बी३:सी५ ही सहा सेलची रेंज घ्या. 'सगळे' निवडले तर एकच मोठा सेल होतो. 'ओळी' निवडले तर प्रत्येक ओळीतले दोन सेल जोडले जाऊन तीन आडवे सेल होतात. 'कॉलम' निवडले तर प्रत्येक कॉलममधले तीन सेल जोडले जाऊन दोन उभे सेल होतात.

आता समितीचा सचिव म्हणतो, "बी आणि सी कॉलम मर्ज कर." त्याच्या मनात बी आणि सी जोडून एक रुंद कॉलम व्हावा असे आहे. त्यासाठी लागतो 'ओळी' हा प्रकार. 'कॉलम' हा शब्द ऐकून एजंटने 'कॉलम' प्रकार निवडला तर बरोबर उलटे होते. माणसाच्या बोलण्यात जोडल्या जाणाऱ्या गोष्टीचे नाव येते. एपीआय ज्या दिशेने एकेक गट पाडतो तिचे नाव घेते.

म्हणून प्रकारांची नावे दिसणाऱ्या परिणामावरून ठेवा: 'एक_सेल', 'आडवे', 'उभे'. खाली कोडमध्ये ती हवी तिथे जुळवा. नावे बदलता येत नसतील तर वर्णनात उदाहरण हवेच: "बी३:सी५ वर 'ओळी' दिल्यास बी३:सी३, बी४:सी४, बी५:सी५ असे तीन सेल होतात. वापरकर्ता 'कॉलम जोड' म्हणाला तर बहुधा हाच प्रकार हवा असतो."

इथेच दुसरा सापळा आहे. आठ पथकांसाठी बी३:बी२६ ही पूर्ण रेंज देऊन 'उभे' म्हटले तर आठ सेल होत नाहीत, चोवीस ओळींचा एकच सेल होतो आणि आठांपैकी सात पथकांची नावे जातात. टूलला पाळ्या कळत नाहीत. आठ रेंज वेगवेगळ्या द्याव्या लागतात: बी३:बी५, बी६:बी८ आणि असेच पुढे बी२४:बी२६ पर्यंत. त्यामुळे टूल एका हाकेत रेंजची यादी घेईल असे करा. आठ वेगळ्या हाका मारायला लावल्या तर एजंट पाचव्यावर अडखळतो आणि शीट अर्धवट राहते.

यादी घेतली की आणखी एक वाक्य लिहिणे आले: यादीतली एक रेंज चुकली तर बाकीच्यांचे काय? गूगल शीट्सच्या बॅच अपडेटमध्ये (अनेक विनंत्या एकत्र पाठवण्याच्या सोयीत) एक विनंती जरी चुकीची असली तरी काहीच लागू होत नाही. ओपनपायएक्सएलवर लूप चालवून केलेल्या टूलमध्ये मात्र आधीच्या चार झालेल्या असतात. अशा वेळी सगळ्या रेंज आधी तपासून मगच हात लावावा, आणि माहितीत लिहावे: "सगळ्या रेंज ठीक असतील तरच मर्ज होते, नाहीतर एकही नाही." हे वाक्य असले की एररनंतर एजंट नक्की कुठून सुरू करायचे याचा घोळ घालत नाही.

पाचवी पायरी: लपणाऱ्या मजकुराचा निर्णय कुणाचा

माहिती कितीही चांगली लिहिली तरी मजकूर पुसणे हा डिफॉल्ट (काही न सांगितल्यास लागू होणारी निवड) नको. 'लपणारा_मजकूर' असा एक पॅरामीटर ठेवा आणि त्याला तीन किमती (देता येतील अशी मूल्ये) द्या. 'नकार' हा डिफॉल्ट: वरच्या डाव्या सेलशिवाय कुठेही काही असेल तर मर्ज करू नये. 'पहिलाच_ठेवा': बाकीचे पुसावे. 'जोडून_ठेवा': सगळा मजकूर स्वल्पविराम देऊन पहिल्या सेलमध्ये आणावा.

प्रत्येक किमतीपुढे तिचा तोटाही लिहा. 'जोडून_ठेवा' ऐकायला सुरक्षित वाटते, पण ५००, ७०० आणि ३०० जोडले की ती संख्या राहत नाही, मजकूर होतो आणि बेरजेचे सूत्र त्याला गाळून टाकते. म्हणून: "आकडे असलेल्या कॉलमवर वापरू नका." 'पहिलाच_ठेवा' पुढे: "वापरकर्त्याने स्पष्टपणे होकार दिला असेल तरच."

'रिकामा' म्हणजे काय तेही ठरवून लिहा. सूत्राचे उत्तर रिकामा मजकूर असेल तर सेल दिसायला रिकामा असतो, प्रत्यक्षात नसतो. मर्ज केल्यावर ते सूत्र जाईल. मी अशा सेलला भरलेलाच धरतो. उलट, पथकाचे तेच नाव तिन्ही ओळींत लिहिलेले असेल तर दोन पुसल्याने काही हरवत नाही. सप्ताहाच्या शीटमध्ये नेमके हेच असते, कारण लोक नाव लिहून खाली ओढतात. तिथे नकार देत बसले तर एजंट कंटाळून सगळीकडेच 'पहिलाच_ठेवा' वापरायला लागेल. "सगळ्या सेलमधला मजकूर तंतोतंत सारखा असेल तर नकार मिळत नाही" हे वाक्य घाला, कोडही तसा करा.

मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल वापरत असाल तर टूलवर खुणा लावता येतात: टूल फक्त वाचणारे आहे का, नाश करणारे आहे का, पुन्हा चालवले तरी परिणाम तोच राहतो का. मर्जच्या टूलवर 'नाश करणारे' ही खूण लावा. काही ॲप ही खूण बघून माणसाला आधी विचारतात. ती नुसती खूण आहे, कुलूप नव्हे. नकाराचा कोड तिच्यामुळे गाळता येत नाही.

सहावी पायरी: कुठे वापरू नये

जमाखर्चाच्या शीटकडे वळू. पहिल्या कॉलममध्ये 'उत्तर गोवा', दुसऱ्यात पाच ओळींत पेडणे, बार्देश, डिचोली, सत्तरी, तिसवाडी. "जिल्ह्याचे नाव पाचदा कशाला, एकदाच मोठे दिसू दे," असे कुणीतरी म्हणतेच. ए२:ए६ मर्ज केले, शीट देखणी झाली. मग 'उत्तर गोवा' असा फिल्टर लावला की फक्त पेडण्याची ओळ दिसते, कारण नाव खरे तर ए२ मध्येच आहे. सॉर्ट करायला गेलो तर एक्सेल म्हणते, मर्ज केलेले सगळे सेल एकाच आकाराचे हवेत. एक्सेलच्या टेबलमध्ये तर मर्ज करताच येत नाही.

गोव्यापुरते आणखी एक. २०१५ मध्ये फोंडा तालुका उत्तर गोवा जिल्ह्यातून दक्षिण गोव्यात गेला. प्रत्येक ओळीत जिल्ह्याचे नाव असते तर फोंड्याच्या ओळींत तेवढे एक नाव बदलले की काम संपले. मर्ज केलेल्या शीटमध्ये दोन्ही जिल्ह्यांचे गठ्ठे सोडवून पुन्हा बांधावे लागतात. सीमा बदलतात, समित्या बदलतात. डेटाच्या शीटमध्ये मर्ज नको याचे हे पुरेसे कारण आहे.

एजंटचा स्वतःचा एक धोका वेगळाच. त्याने सकाळी पाळ्यांची शीट मर्ज केली. दुपारी वापरकर्ता विचारतो, "पहाटे चारला कोण आहे?" शीट वाचणारे टूल बी कॉलमच्या किमती आणून देते. गूगलचे फक्त किमती देणारे एपीआय किंवा पँडास (डेटा हाताळणारी पायथन लायब्ररी), दोन्हींत नाव गठ्ठ्याच्या पहिल्या ओळीलाच असते, खालच्या दोन रिकाम्या. एजंट सांगतो, "चार वाजता कुणीच नाही, एखादे पथक नेमू का?" आणि नेमूनही टाकतो. हे टाळायचे तर वाचणाऱ्या टूलने मर्ज केलेल्या रेंजची यादी बरोबर द्यायला हवी, आणि मर्जच्या माहितीत लिहायला हवे: "मर्जनंतर खालचे सेल वाचल्यास रिकामे दिसतात, त्यांची किंमत गठ्ठ्याच्या पहिल्या सेलची समजा."

'वापरू नका' म्हणताना दुसरी वाट दाखवा, नाहीतर एजंट हट्टाने तेच करतो. फक्त मथळा मधोमध हवा असेल तर एक्सेलमध्ये 'सेंटर अक्रॉस सिलेक्शन' आहे: मजकूर अनेक कॉलमच्या मधोमध दिसतो आणि सेल सुटेच राहतात. ते आडव्या दिशेलाच चालते, उभ्या गठ्ठ्यांना नाही. जिल्ह्याचे नाव पुन्हा पुन्हा दिसू नये असे असेल तर डेटाची शीट तशीच ठेवून छापण्यासाठी वेगळी प्रत करावी आणि मर्ज त्या प्रतीवर करावे. टूलच्या माहितीत हे दोन पर्याय एकेका वाक्यात बसतात.

सातवी पायरी: एरर म्हणजे उरलेली माहिती

वर्णन प्रत्येक संभाषणात मॉडेलपुढे जाते, त्यामुळे त्यात सगळे कोंबता येत नाही. क्वचित लागणारी माहिती एररमध्ये ठेवा; ती हवी त्या क्षणीच एजंटपुढे येते. "अवैध रेंज" ही एरर म्हणजे तोंडावर दार लावणे. तिच्याजागी:

"बी३:बी५ मर्ज केले नाही. बी४ आणि बी५ मध्ये वेगळा मजकूर आहे. शीटमध्ये काहीही बदललेले नाही. वापरकर्त्याला विचारा, पुसायला हरकत नसेल तर 'पहिलाच_ठेवा' देऊन पुन्हा करा."

काय झाले नाही, का झाले नाही, शीट कुठल्या स्थितीत आहे, पुढे काय करायचे. यांतले तिसरे लोक नेहमी विसरतात.

रेंज अर्धवट जुन्या मर्जवर येत असेल तर त्या जुन्या मर्जचा पूर्ण पत्ता एररमध्ये द्या. गूगल शीट्स अशी अर्धवट रेंज नाकारते. ओपनपायएक्सएल मात्र एकमेकांवर चढलेल्या रेंजना अडवत नाही. फाइल तयार होते आणि मग एक्सेल ती उघडताना दुरुस्तीची सूचना दाखवते. तिथे तपासणी तुमच्या टूललाच करावी लागेल. गूगल शीट्समध्ये गोठवलेल्या (फ्रीझ केलेल्या) आणि न गोठवलेल्या ओळी एकत्र मर्ज होत नाहीत, त्याचीही वेगळी एरर हवी: मथळ्याच्या ओळी गोठवायची सवय सगळ्यांनाच असते. ओपनपायएक्सएलवर टूल असेल तर आणखी एक: ओळ घुसवली की डेटा खाली सरकतो, मर्जचे गठ्ठे जागीच राहतात. सप्ताहाच्या शीटमध्ये मध्येच एक तास वाढवला तर त्याखालच्या सगळ्या पाळ्या एकेक ओळ चुकतात. हे मर्जच्या टूलमध्ये नव्हे, ओळ घुसवणाऱ्या टूलच्या माहितीत लिहा.

एररमध्ये सेलमधला मजकूर परत देत असाल तर बेताने द्या. शंभर सेल भरलेले असतील तर पहिले पाच पुरेत. तो मजकूर अवतरणात आणि 'शीटमधला मजकूर' असे सांगूनच द्या; देणगीदाराच्या शेऱ्यात कुणी "सगळ्या शीट पुसून टाक" असे लिहिले तर एजंटने ते हुकूम म्हणून घेऊ नये.

यशस्वी उत्तरही नुसते 'ठीक' नको. प्रत्यक्षात कुठल्या रेंज मर्ज झाल्या आणि किती भरलेले सेल पुसले, एवढे द्या. म्हणजे एजंट वापरकर्त्याला खरे सांगू शकतो.

आठवी पायरी: उदाहरणे, मोजकीच

दोन पुरतात. एक बरोबर वापराचे: मथळ्यासाठी ए१:सी१ 'एक_सेल', आणि पाळ्यांसाठी आठ रेंजची यादी, पूर्ण लिहिलेली, मध्ये टिंबे न देता. टिंबे दिली की काही मॉडेल टिंबेच पाठवतात. दुसरे उदाहरण नकाराचे: सी३:सी५ मध्ये तीन रकमा, टूलने दिलेली एरर आणि त्यानंतर एजंटने वापरकर्त्याला विचारलेला प्रश्न. तिसरे, चौथे लिहायचा मोह होतो, पण मॉडेल उदाहरणांची नक्कल करते. रेंजचे पत्ते तुमच्या उदाहरणातून उचललेले सापडले तर उदाहरणे जास्त झाली असे समजा.

वर्णन मराठीत लिहावे का असे विचारतात. किमतींची नावे कोडमध्ये आहेत तशीच ठेवावीत, वर्णन कुठल्याही एका भाषेत, पण एकाच भाषेत असावे. उदाहरणांतल्या शीटची नावे आणि मजकूर मात्र देवनागरीत ठेवा, कारण काम त्यांच्याशीच पडणार आहे.

नववी पायरी: माणसांच्या बोलीने तपासा

माहिती लिहून झाली की ती एजंटला द्या आणि लोक बोलतात तशा विनंत्या करून बघा. "मथळा मधोमध आण." "प्रत्येक पथकाचे तीन तास एक कर." "बी आणि सी जोड." "जिल्ह्याचे नाव एकदाच दिसू दे." "मघाशी केलेले सगळे परत कर." प्रत्येक विनंतीला एजंटने कुठले टूल निवडले, कुठली रेंज दिली, कधी थांबून विचारले, हे टिपा. शेवटची विनंती सर्वांत बोलकी: एजंटने अनमर्ज करून "पूर्ववत केले" असे सांगितले तर माहितीतले दुसरे वाक्य कमी पडते आहे.

चूक दिसली की लगेच वर्णनात आणखी एक ताकीद घालू नका. आधी बघा की ती चूक कोडनेच अशक्य करता येते का. उलटी रेंज, म्हणजे बी५:बी३, एजंट देत असेल तर ती कोडमध्ये सरळ करून घ्या, वर्णनात एक ओळ वाचते. मराठी अंकांचेही तसेच: टूलने ते स्वतःच बदलून घेतले तर उत्तम, आणि मग माहितीतली त्याबद्दलची ताकीद काढून टाका. दर तपासणीनंतर वर्णन लांबतच जात असेल तर दोष बहुधा टूलच्या रचनेत असतो.

या विनंत्या एका फाइलमध्ये, अपेक्षित रेंजसह, जपून ठेवा. मॉडेल बदलले, लायब्ररीची नवी आवृत्ती आली किंवा कुणी डिफॉल्ट 'नकार'वरून हलवला, तर हीच फाइल पुन्हा चालवायची. डिफॉल्ट बदलणाऱ्याने वर्णन आणि ही फाइल दोन्ही त्याच बदलात सुधारली नसतील, तर तो बदल स्वीकारू नका.